डोळ्यांवर न येणारी गोळी

एचआयव्हीवरच्या स्टॅव्युडीन या गोळीबद्दल आता कुणी चांगलं बोलत नाही. प्रशिक्षणात तिचं नाव निघालं की नवे डॉक्टर एकमेकांकडे बघून हसतात. असलं औषध आपण माणसांना वर्षानुवर्षं देत होतो, यावर त्यांचा विश्वास बसत नाही. मी त्यांच्याबरोबर हसत नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीच्या औषधोपचार केंद्रात, मी फार्मासिस्ट म्हणून कंत्राटावर लागले, तेव्हा माझ्या कपाटात मोठ्यांसाठी मुख्यतः दोनच तऱ्हेचे डबे असत. एकावर एसएलएन, दुसऱ्यावर झेडएलएन. पहिल्यातला ‘एस’ म्हणजे स्टॅव्युडीन, दुसऱ्यातला ‘झेड’ म्हणजे झिडोव्ह्युडीन. लॅमिव्ह्युडीन आणि नेव्हिरापीन दोन्हींत सारखंच. साठ किलोच्या आतल्या माणसाला स्टॅव्युडीन 30 मिलिग्रॅमची, वरच्याला 40 ची. पुढे सगळ्यांनाच 30 ची देऊ लागलो.

तेव्हा रक्तातल्या सीडीफोर, म्हणजे रोगप्रतिकारक, पेशी 200 च्या खाली गेल्याशिवाय सहसा उपचार सुरू होत नसत. त्यामुळे माणसं यायची ती जीपमध्ये मागे आडवी घालून, तोंडात पांढरा चिकटा, अंगावर कातडी फक्त. नातेवाईक औषध घ्यायला खिडकीशी येत आणि पेशंट बाहेरच्या बाकड्यावर पडलेला असे. दोन-तीन महिन्यांनी तोच पेशंट स्वतः चालत येऊन उपचारांच्या नोंदींचं हिरवं पुस्तक खिडकीतून आत सरकवायचा. हे मी इतक्या वेळा पाहिलं आहे की स्टॅव्युडीनला विष म्हणणाऱ्याला मी एवढंच विचारते, त्या वेळी दुसरं काय देणार होतात?

ती निवडली गेली होती त्याला कारणं होती. एक तर स्वस्त. 2001 साली सिप्लाने हीच तीन औषधं एकत्र करून वर्षाला 350 डॉलरमध्ये एमएसएफ या डॉक्टरांच्या संस्थेला द्यायची तयारी दाखवली, त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांच्या उपचाराला वर्षाला दहा हजार डॉलरहून जास्त पडत होते. मुंबईतल्या कारखानदाराने जगाला धक्का दिला, तरी आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यात ती गोळी फुकट मिळायला 1 एप्रिल 2004 उजाडावा लागला. तेव्हाही देशभरात मिळून आठच केंद्रं, त्यांतलं एक मुंबईचं जे. जे. दुसरं कारण असं की स्टॅव्युडीन सुरू करायला रक्ताच्या फारशा तपासण्या लागत नसत. झिडोव्ह्युडीन रक्त कमी करतं. हिमोग्लोबिन नऊच्या खाली असेल तर ते सुरूच करायचं नाही, असा नियम. आणि आमच्याकडे येणाऱ्या बायकांपैकी कितीजणींचं हिमोग्लोबिन नऊच्या वर असायचं, हे ग्रामीण महाराष्ट्रात काम केलेल्या कुणालाही विचारा.

मग वर्ष-दोन वर्षांत स्टॅव्युडीन आपला हिशेब मागायला येई. तळपायांची आग. रात्री पाय ओल्या फडक्यात गुंडाळून झोपणारी माणसं. त्यातून टीबीचं आयसोनियाझिड चालू असेल तर दुहेरी मार, कारण तेही नसांवरच जातं. आणि त्याहून वाईट म्हणजे चेहरा. हे औषध पेशींमधल्या मायटोकाँड्रियावर घाव घालतं आणि कातडीखालची चरबी वितळू लागते. गाल आत जातात, कानशिलं बसतात, हातापायांच्या शिरा दोरीसारख्या वर येतात. रिपोर्ट सुधारत असतो, वजन टिकून असतं, माणूस शेतात कामाला जात असतो आणि चेहरा मात्र गावाला सगळं सांगत असतो. एकाने एकदा गावच्या जत्रेतली गोष्ट सांगितली. अनोळखी माणूस शेजारी येऊन हळूच म्हणाला, “कुठलं सेंटर तुमचं? मी मिरजेला जातो.” दोघांनी एकमेकांना गालांवरून ओळखलं होतं. सांगताना तो हसत होता, पण पुढच्या महिन्यापासून त्याने दाढी वाढवली.

औषधांची तुलना करणारा तक्ता आमच्या सेंटरच्या भिंतीवर आहे. औषधाचं नाव, मात्रा, दुष्परिणाम, कुठल्या तपासण्या, कुठल्या औषधाबरोबर चालत नाही. बरोबर आहे तो, आणि मी त्यावरूनच काम करते. पण खिडकीच्या पलीकडचा माणूस जी तुलना करतो, तिच्यात एक रकाना जास्तीचा असतो. हे औषध घेतलं तर कुणाला कळेल? माझ्या नोकरीच्या काळात जेवढी औषधं बदलली, ती सगळी माणसांनी याच रकान्यावर तोलली. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, त्यांच्या लेखी नंतर.

झिडोव्ह्युडीनचं तेच. चेहरा राहतो, पण नखं काळी-निळी पडतात. उभ्या रेघा उमटतात, कधी सगळं नखच. डॉक्टर सांगणार, काही नाही, निरुपद्रवी आहे. खरंच निरुपद्रवी आहे. पण लोकांच्या घरी स्वयंपाकाला जाणाऱ्या एका बाईंची नखं मालकिणीने पाहिली, “कसला आजार आहे गं तुला?” म्हणाली. त्यानंतर त्या बाई दर पंधरवड्याला नखांना मेंदी लावू लागल्या. नवरा जाऊन वर्ष झालं नव्हतं. मेंदी लावते म्हणून सासू बोलायची, तेही ऐकून घ्यायच्या. हा दुष्परिणाम कुठल्या तक्त्यात लिहायचा?

नेव्हिरापीनबद्दल थोडक्यात सांगते, कारण ते गेलं याचं मला मनापासून बरं वाटतं. पहिले चौदा दिवस अर्धी मात्रा द्यायची, म्हणजे एक वेळ एसएलएन आणि दुसऱ्या वेळी नेव्हिरापीनशिवायची नुसती एसएल. दोन वेगळे डबे, दोन वेगळ्या वेळा, आणि समोर लिहितावाचता न येणारा माणूस. सकाळच्या डब्यावर सूर्य काढायचा, रात्रीच्यावर चांदणी. अंगावर पुरळ आलं तर ताबडतोब या, तोंडात फोड आले तर गोळी बंद करून त्याच दिवशी या, हे तीन-तीनदा घोकून घ्यायचं. चौदा दिवस पार पडले की आम्ही सुटकेचा श्वास सोडत असू.

2009 च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने स्टॅव्युडीन हळूहळू काढा म्हणून सांगितलं. आपल्याकडे ती जायला आणखी काही वर्षं गेली आणि मग टीएलई आली. टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडीन, एफाव्हिरेन्झ. दिवसातून एकच गोळी. माझ्या दृष्टीने सगळ्यांत मोठा बदल हाच. दोन वेळांची एक वेळ झाली म्हणजे सकाळची गोळी घराबाहेर, कामावर, पाहुण्यांसमोर घ्यायची कटकट मिटली. चेहरा राहिला, नखं राहिली.

पण एफाव्हिरेन्झ डोक्यात शिरतं. रात्री झोपताना घ्यायचं, जेवणानंतर दोनेक तासांनी, तेलकट-तुपकट खाऊन तर नाहीच, कारण चरबीबरोबर ते रक्तात जास्त उतरतं आणि मग गरगरतं. सुरुवातीचे दोन-चार आठवडे माणसं सकाळी हँगओव्हर झाल्यासारखी उठत. आणि स्वप्नं! इतक्या वर्षांत माझ्या खिडकीवर लोकांनी जेवढी स्वप्नं सांगितली, तेवढी मानसोपचारवाल्यांनाही कुणी सांगितली नसतील. एक आजोबा म्हणाले, “मॅडम, रोज रात्री गेलेली माणसं पंगतीला बसतात. माझा थोरला भाऊ वाढतोय. जेवण झाल्याबिगर उठूच देत न्हाई.” त्यांना त्रास होतोय असं समजून मी डॉक्टरांकडे पाठवायला निघाले, तर ते म्हणाले, “नको नको, बंद करू नका. तेवढीच भेट हुतीया.” बहुतेकांची स्वप्नं महिन्याभरात ओसरतात. त्यांची ओसरली तेव्हा ते जरा नाराजच दिसले.

सगळ्यांना हे गोड नव्हतं. काहीजण खरोखर खचत, जीव द्यावासा वाटतो म्हणत. त्यांची गोळी लगेच बदलावी लागे. आणि ज्याची रात्र हीच कामाची वेळ, त्याने काय करायचं? उसाचा ट्रक चालवणारे, कारखान्यात रात्रपाळीला जाणारे, द्राक्षाच्या हंगामात पहाटे बागेत जाणारे. मार्गदर्शक सूचना सांगते झोपताना घ्या. हंगामात झोपायची वेळ ठरलेली कुठे असते? एक ड्रायव्हर सरळ म्हणाला, “गाडी हाये त्या रात्री गोळी न्हाई.” गोळ्या मोजल्या की डब्यात जास्तीच्या निघत. हा निदान खरं बोलत होता. काहीजण सेंटरला येण्याआधी उरलेल्या गोळ्या गटारात टाकून हिशेब जुळवून आणत, म्हणजे आम्ही ओरडायला नको. आमचं ओरडणं किती कामाचं असतं, ते यावरून कळावं. आणि असं मध्ये मध्ये चुकलं की विषाणू एफाव्हिरेन्झला फार लवकर सरावतो. एका जागी बदल झाला तरी हे औषध आणि त्याच्या जातीचं नेव्हिरापीन, दोन्ही निकामी.

डब्याबद्दलही सांगायला हवं, कारण तोही औषधाचाच भाग आहे. तीस गोळ्यांचा प्लॅस्टिकचा डबा, आत ओल शोषणारी पुडी. एसटीत पिशवी हलली की खुळखुळ वाजतो. बायका घरी जाण्याआधी त्यात कापूस कोंबतात, लेबल सोलून काढतात, किंवा गोळ्या कागदात बांधून डबा स्टँडवरच्या कचऱ्यात टाकतात. ओल लागली तर गोळी बिघडते, म्हणून मूळ डब्यातच ठेवा, हे सांगणं माझं काम. मी सांगते. पण लेबल सोलायला मीच माझ्याकडची कटर पुढे करते.

2017 पासून सीडीफोर कितीही असो, निदान झालं की उपचार सुरू करायचे ठरलं, आणि त्यानंतर वर्षभरात व्हायरल लोडची तपासणी सर्वांसाठी आली. मग 2020 नंतर टीएलई जाऊन टीएलडी आली. एफाव्हिरेन्झच्या जागी डोल्युटेग्राव्हिर. आता पंचवीस वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी हेच देतो आणि त्याला मागचं काही माहीत नसतं. कधीही घ्या, जेवून घ्या, उपाशी घ्या. स्वप्नं नाहीत, किंवा फारच थोड्यांना झोप कमी लागते. विषाणू झपाट्याने खाली येतो आणि एखाद-दुसरी गोळी चुकली तरी लगेच सरावत नाही. तो ड्रायव्हर आता नियमित आहे. त्याच्या स्वभावात काही फरक पडलेला नाही, फक्त गोळी त्याच्या धंद्याला जुळली.

बायकांच्या वाट्याला हे औषध येताना मात्र मध्ये एक वळण आलं. 2018 मध्ये बोट्स्वानातल्या एका मोठ्या पाहणीत, गर्भ राहताना आई डोल्युटेग्राव्हिरवर असलेल्या 426 बाळंतपणांत चार बाळांना मेंदू किंवा मज्जारज्जूचा जन्मजात दोष आढळला. आकडे लहान, पण भीती मोठी. मूल होण्याच्या वयातल्या बायकांना हे औषध देऊ नका, असं अनेक देशांत ठरलं. त्याच वर्षी जुलैत किगालीला आफ्रिकेतल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या बायका जमल्या. जोखीम आम्हाला सांगा, पण निवडायचं आम्हाला राहू द्या, असं त्यांचं म्हणणं. मला ते अगदी पटलं, कारण एफाव्हिरेन्झच्या बाबतीतही हेच झालं होतं. गर्भाला धोका म्हणून आधी नाही म्हटलं, पुढे निष्कारण होतं असं ठरलं. डोल्युटेग्राव्हिरचंही तसंच झालं. नोंदी वाढत गेल्या तसा फरक घटत गेला आणि 2019 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते सगळ्यांसाठी पहिल्या पसंतीचं ठरवलं. आमच्याकडे हे औषध आल्यावर गरोदर बाईची अडचण वेगळीच निघाली. लोह आणि कॅल्शियम डोल्युटेग्राव्हिरला आतड्यात धरून ठेवतात, रक्तात जाऊ देत नाहीत. म्हणून ही गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर, नाहीतर मग सगळंच जेवणाबरोबर. आशाताई लोहाच्या गोळ्या घरी आणून देते, सासू समोर उभी राहून खायला लावते. त्या वेळेभोवती ही लपवलेली गोळी बसवायची. अशा एका सुनेबरोबर बसून मी तिच्या घरातल्या जेवणाच्या वेळा लिहून काढल्या होत्या. शेवटी सगळंच दुपारच्या जेवणाबरोबर ठेवलं, कारण त्या वेळी सासू शेतावर असते.

पित्ताचं पातळ औषध आणि शंखवटीही ही गोळी अशीच अडवतात. विचारलं तर माणसं “दुसरं काही औषध नाही” म्हणतात, कारण पित्ताचं औषध म्हणजे औषध, असं कुणी धरतच नाही. मी आता “पोटात जळजळलं की काय घेता?” असं विचारते.

आणि वजन. 2019 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि कॅमेरून इथल्या मोठ्या चाचण्यांत दिसलं की डोल्युटेग्राव्हिरवर माणसांचं वजन वाढतं, बायकांचं जास्त. काही अभ्यासकांचं म्हणणं, आधीचं एफाव्हिरेन्झच वजन धरू देत नव्हतं. ते असेल. माझ्या खिडकीवर ही तक्रार म्हणून आलीच नाही. “मॅडम, तब्येत सुधारली,” असं अभिमानाने सांगत आली. गाल भरलेला माणूस गावाच्या लेखी निरोगी. ज्यांनी स्टॅव्युडीनचे दिवस काढले, त्यांना तर पोट सुटल्याचं कौतुक. त्यांना साखर तपासा म्हणून सांगणं फार अवघड जातं. आमचे जुने पेशंट आता पन्नाशी-साठीत आलेत, मधुमेह येणारच. मेटफॉर्मिन चालू असेल तर डोल्युटेग्राव्हिर ते रक्तात वाढवतं, म्हणून दिवसाला 1000 मिलिग्रॅमच्या वर शक्यतो जायचं नाही. पण साखरेचं औषध ते घेतात खासगी डॉक्टरकडून, आणि त्या डॉक्टरला एचआयव्हीचं सांगितलेलं नसतं. तिथे औषधांचा मेळ मला घालावा लागतो, तोही चिठ्ठी न लिहिता, तोंडी.

टेनोफोव्हिरचं एक सांगायचं राहिलं. ते मूत्रपिंडावर जातं, सगळ्यांच्या नाही, पण काहींच्या जातं. डोल्युटेग्राव्हिरने क्रिएटिनिन जरा वर दिसतं ते निव्वळ आकड्यापुरतं, मूत्रपिंड ठीक असतं. टेनोफोव्हिरने वाढलेलं मात्र खरं असतं. ही दोन्ही औषधं एकाच गोळीत, म्हणजे आकडा वाढला की डॉक्टरांनी कोणावर संशय घ्यायचा? आणि ऊसतोड करणारा माणूस रोज संध्याकाळी किराणा दुकानातून अंगदुखीची गोळी आणून खातो, ती तिसरी संशयित. मला विचाराल तर बऱ्याचदा चोर तीच असते. पण कंबर मोडेपर्यंत मोळ्या उचलणाऱ्याला ती बंद करा म्हणणं सोपं आहे, पर्याय देणं सोपं नाही.

पहिल्या फळीची औषधं ज्यांना लागू पडेनाशी झाली, त्यांची दुसरी फळी वर्षानुवर्षं अटाझानाव्हिर आणि रिटोनाव्हिर होती. त्याने डोळे पिवळे होतात. यकृताला काही झालेलं नसतं, फक्त बिलिरुबिन साचतं. पण पिवळे डोळे म्हटल्यावर घरचे काविळीचं झाडपाल्याचं औषध द्यायला घेऊन जातात, आणि पथ्य म्हणून सगळी औषधं बंद करायला लावतात. एका मुलाची गोळी अशी दीड महिना बंद राहिली. लोपिनाव्हिर घेतलं तर डोळे ठीक, पण जुलाब. घरात संडास नसलेल्या बाईला यांतलं कुठलं द्यायचं? मेडिकल ऑफिसर मॅडमनी असाच प्रश्न मला विचारला होता. मी म्हटलं, तिलाच विचारूया. तिने पिवळे डोळे निवडले. “उन्हाचं हाये म्हनून सांगीन,” म्हणाली.

आता सगळे इंजेक्शनचं विचारतात. मोबाइलवर बातमी येते आणि दुसऱ्या दिवशी खिडकीवर प्रश्न. कॅबोटेग्राव्हिर आणि रिल्पिव्हिरीन, दोन सुया, सुरुवातीच्या मात्रांनंतर दर दोन महिन्यांनी. अमेरिकेत ही औषधं 2021 पासून मंजूर, दोन महिन्यांनी टोचायची पद्धत 2022 पासून. आमच्या कपाटात नाही. घरात डबा नाही, खुळखुळ नाही, लपवायला काही नाही, म्हणजे त्या जास्तीच्या रकान्यात पैकीच्या पैकी गुण. पण रिल्पिव्हिरीन फ्रीजमध्ये ठेवावं लागतं. ते नेव्हिरापीनच्याच जातीचं, म्हणजे ज्यांनी जुन्या काळात नेव्हिरापीन चुकतमाकत खाल्लं, त्यांचा विषाणू त्याला आधीच सरावलेला असू शकतो. आणि ज्याला जोडीला कावीळ ‘बी’ आहे, त्याला टेनोफोव्हिर सोडून चालत नाही.

नखांना मेंदी लावणाऱ्या त्या बाई अजून येतात. झिडोव्ह्युडीन गेलं, नखं कधीच स्वच्छ झाली, आता टीएलडीवर आहेत आणि एका शाळेत खिचडी शिजवतात. मुलाने इंजेक्शनचं वाचून दाखवलं म्हणाल्या. मी वरचं सगळं त्यांना समजेल असं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “किती दिवसांनी टोचायचं?”

“दोन महिन्यांनी.”

“मग आताचंच बरं की. आता तीन महिन्यांनी यायला लागतं. खाडा एक कमी पडतो.” हिरवं पुस्तक त्यांनी पिशवीत सारलं. “सहा महिन्यांची निघाली तर सांगा, मॅडम. तेव्हा बघू.”